भरवेलीहून क्रीटला: युरोपवरची प्रश्नमंजूषा रचताना

आधी एक प्रश्न घ्या. बालाघाट, भंडारा, नागपूरच्या मॅंगनीज पट्ट्यात सापडणाऱ्या एका खडकाला 1909 साली एका इंग्रज भूवैज्ञानिकानं गोंड लोकांवरून ‘गोंडाईट’ असं नाव दिलं. त्याच्याच मुलानं पुढे एप्रिल 1944 मध्ये भूमध्य समुद्रातल्या एका बेटावर जर्मन सेनापतीला त्याच्या मोटारीसकट पळवलं. बेट कोणतं आणि मुलगा कोण?

मुलाचं नाव पॅट्रिक ली फर्मर. आपल्याकडे हे नाव ठाऊक असलेला माणूस क्वचितच भेटेल. पण बेट सांगायला नावाची गरज नाही, थोडा हिशेब पुरतो. 1944 च्या एप्रिलात भूमध्य समुद्रात जर्मनांच्या ताब्यात काय उरलं होतं? सिसिली आदल्या वर्षीच दोस्तांनी घेतली होती. सार्डिनिया आणि कॉर्सिकाही 1943 मध्येच सुटली होती. माल्टा आणि सायप्रस तर इंग्रजांचीच. मोठ्या बेटांत राहिलं क्रीट. सेनापतीला आठवडे-आठवडे लपवत न्यायचं तर उंच डोंगरही हवेत, तेही तिथं आहेत. नववी-दहावीतली दोन मुलं नकाशा आठवत कुजबुजू लागली तर मिनिटभरात क्रीटपर्यंत पोचतात. नाव नाही आलं तरी अर्धे गुण पदरात पडतात.

युरोपवरचे प्रश्न काढणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच आहे: प्रश्नाचा एक पाय आपल्या मातीत असू द्या, आणि निदान अर्धं उत्तर विचार करून सापडेल असं ठेवा. गणेशोत्सवात, कोजागरीला, शाळेच्या स्नेहसंमेलनात किंवा वाचनालयाच्या वर्धापनदिनी आपण प्रश्नमंजूषा ठेवतो आणि युरोपची फेरी आली की तेच ते विचारतो. मोनालिसा कुणी काढली, आयफेल टॉवर कुठे आहे, पिसाचा मनोरा का कलला. ज्याच्या घरी सामान्यज्ञानाचं जाडजूड पुस्तक, तो जिंकतो. बाकीचे टाळ्या वाजवून चहाच्या पातेल्याकडे बघत बसतात. बालाघाट, वारासिवनी, कटंगीच्या मुलांपैकी फार थोड्यांनी युरोप पाहिला असेल. पण युरोपचे धागे त्यांच्या अंगणातून गेलेले आहेत. ते उचलायचे.

सगळ्यात सोपा धागा म्हणजे साल. आपल्याकडची एक घटना घ्यायची आणि त्याच साली तिकडं काय चाललं होतं ते विचारायचं. बालाघाट जिल्ह्याची निर्मिती 1867 ची. त्याच वर्षी हॅम्बुर्गमध्ये कार्ल मार्क्सच्या ‘दास कापिटाल’चा पहिला खंड निघाला, ऑस्ट्रिया आणि हंगेरी यांचं जोडराज्य झालं, आणि व्हिएन्नात ‘ब्लू डॅन्यूब’ ही धून पहिल्यांदा वाजली. यातून तीन वेगळे प्रश्न होतात. पण मी एकच करीन: तिन्ही घटना सांगायच्या आणि त्याच वर्षी कोणता जिल्हा नकाशावर आला ते विचारायचं. युरोपपासून सुरू करून आपल्या दाराशी संपणारा प्रश्न ऐकताना सभागृहात जी हालचाल होते, ती उलट दिशेच्या प्रश्नाला होत नाही.

याहून भारी साल, खरं तर तारीख, आहे 1 नोव्हेंबर 1956. त्या दिवसापर्यंत बालाघाट आणि भंडारा एकाच मध्य प्रदेशात होते, राजधानी नागपूर. त्या दिवशी विदर्भ मुंबई राज्यात गेला, बालाघाट नव्या मध्य प्रदेशात राहिलं, आणि गोंदियाला जाणारा रस्ता राज्याची सीमा ओलांडू लागला. मामा एका राज्यात, भाचा दुसऱ्या, अशी घरं इथं गल्लोगल्ली आहेत. नेमक्या त्याच दिवशी युरोपातल्या एका देशाच्या पंतप्रधानानं वॉर्सा करारातून बाहेर पडत असल्याचं आणि देश तटस्थ राहणार असल्याचं जाहीर केलं; तीन दिवसांत सोव्हिएत रणगाडे त्याच्या राजधानीत शिरले. देश कोणता? हंगेरी. पंतप्रधान इम्रे नॉज. ज्याला वॉर्सा करार माहीत आहे त्याला पोलंड, चेकोस्लोव्हाकिया, हंगेरी अशी चार-पाचच नावं चाळायची असतात. चेकोस्लोव्हाकियात रणगाडे 1968 ला गेले एवढं आठवलं की यादी आणखी लहान होते. आजोबांच्या वयाच्या श्रोत्यांना या प्रश्नात तो दिवस आठवतो, नातवंडांना हंगेरी समजते. एका प्रश्नात दोन पिढ्या बोलू लागतात, म्हणून हा प्रश्न फेरीच्या मधोमध ठेवा, शेवटी नको.

नागपूरकर भोसल्यांचा धागाही असाच लांब जातो. डिसेंबर 1803 मध्ये मेळघाटातला गाविलगड ज्या इंग्रज सेनानीनं घेतला आणि ज्याच्यापुढे दुसऱ्या रघूजींना देवगावचा तह करावा लागला, त्यानं बारा वर्षांनी युरोपात कुणाचा पाडाव केला? सेनानी आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, वॉटर्लू, 18 जून 1815, समोर नेपोलियन. इथं 1803 मध्ये 12 मिळवले की 1815 येतं, आणि 1815 म्हटलं की नेपोलियन. पहिल्या रघूजींच्या तलवारीची गोष्ट तर याहून ताजी आहे. लंडनच्या लिलावात महाराष्ट्र शासनानं ती एप्रिल 2025 मध्ये 47 लाख 15 हजार रुपयांना घेतली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. मूठ आपल्या पद्धतीची, पण पातं कुठलं? युरोपातलं. अशा तलवारीला आपल्याकडे काय म्हणत, हा पुरवणी प्रश्न: फिरंग.

शिवकाळातलं 1666 कोणाला नको असतं? ऑगस्टमध्ये महाराज आग्र्याहून निसटले आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला लंडनचा मोठा भाग आगीत भस्मसात झाला. त्या साली युरोपातलं कोणतं शहर जळालं, हा प्रश्न मी अगदी लहान मुलांसाठी ठेवतो, कारण आग्रा त्यांना पाठ असतं.

साल जोडताना एक खड्डा टाळा. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज पाद्र्यानं मराठीत लिहिलेलं ‘क्रिस्तपुराण’ गोव्यात 1616 साली छापलं गेलं. त्याच साली शेक्सपिअर गेला. हे पक्कं. पण पुढे जाऊन कुणी म्हणतं, शेक्सपिअर आणि ‘दोन किहोते’चा लेखक सर्व्हान्तिस एकाच दिवशी, 23 एप्रिलला गेले. तारीख दोघांची तीच सांगतात, दिवस मात्र एक नाही. स्पेननं नवी ग्रेगोरियन दिनदर्शिका स्वीकारली होती, इंग्लंड 1752 पर्यंत जुन्याच ज्युलियनवर होतं. मध्ये दहा दिवसांचं अंतर. म्हणून ‘त्याच दिवशी’ लिहायच्या आधी दोन्ही देशांची दिनदर्शिका तपासा, नाहीतर ‘त्याच साली’वर थांबा. रशियाची ‘ऑक्टोबर क्रांती’ आजच्या दिनदर्शिकेनं 7 नोव्हेंबर 1917 ला पडते, तेही याच कारणानं.

आता आपली माती, म्हणजे शब्दशः. बालाघाटजवळच्या भरवेलीच्या खाणीतून मॅंगनीज निघतं एवढं इथलं पोरही सांगेल. ते काढणारी आजची मॉयल कंपनी म्हणजे 1896 च्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेटची वारस, हे थोड्यांना ठाऊक असतं. पण हेच मॅंगनीज युरोपच्या कलेत कुठं कुठं लपलं आहे, हे कुणी विचारत नाही, आणि तिथं कोड्यांची खरी खाण आहे. फ्रान्समधल्या लास्को गुहेत सतराएक हजार वर्षांपूर्वीचे बैल आणि घोडे रंगवलेले आहेत. 1940 च्या सप्टेंबरात काही मुलांना ती गुहा सापडली आणि लोकांच्या श्वासानं चित्रं बिघडू लागली म्हणून 1963 मध्ये ती बंद केली. त्या चित्रांतला काळा रंग मुख्यतः मॅंगनीजच्या ऑक्साइडचा. व्हेनिसनं 1291 मध्ये आगीच्या भीतीनं काचेच्या भट्ट्या शहरातून हलवून मुरानो बेटावर नेल्या; तिथले कारागीर काचेतली लोखंडामुळे येणारी हिरवट झाक घालवायला मॅंगनीज टाकत. शेफील्डच्या रॉबर्ट हॅडफील्डनं 1882 मध्ये पोलादात मॅंगनीज भरपूर मिसळून न झिजणारं पोलाद केलं, आणि रेल्वेचे रूळ एकमेकांना छेदतात तिथला तुकडा आजही त्या जातीच्या पोलादाचा ओततात.

मी याचा असा प्रश्न करीन: ‘आदिमानवाच्या फ्रेंच गुहेत हे काळं आहे, व्हेनिसच्या काचेत हे रंग घालवतं, शेफील्डमध्ये यानं पोलाद कठीण केलं, आणि आपल्या भरवेलीतून ते ट्रकनं जातं. काय?’ तीन सुगावे दूरचे, चौथा दाराशी. सुगावे एकेक करून वाचायचे आणि पहिल्यावर उत्तर दिलं तर 4 गुण, चौथ्यावर दिलं तर 1, असं ठेवलं की अवघड प्रश्नही कुणाला रिकाम्या हातानं पाठवत नाही. चौथा सुगावा वाचून झाल्यावर जो हशा पिकतो त्यासाठी तरी हे करून बघा.

पोलादाचा विषय निघालाच आहे तर आयफेल टॉवरची गंमत सांगतो. ‘आयफेल टॉवर कुठल्या शहरात’ हा प्रश्न नव्हेच. ‘आयफेल टॉवर पोलादाचा आहे, बरोबर की चूक?’ हा प्रश्न आहे. तो लोखंडाचा आहे, त्या काळच्या घडीव लोखंडाचा. आणि तो 1889 मध्ये कुठल्या घटनेच्या शताब्दीसाठी उभा राहिला, हे विचारलं तर 100 वजा करून 1789 पर्यंत जाता येतं. फ्रेंच राज्यक्रांती एनसीईआरटीच्या नववीच्या इतिहासात वर्षानुवर्षं पहिलाच धडा राहिली आहे. दहावीच्या पुस्तकातल्या युरोपच्या धड्याची सुरुवात फ्रेदेरिक सोर्यूच्या 1848 च्या चित्रानं होते. मुलांनी ही पानं परीक्षेपुरती उलटलेली असतात. त्यांचाच वापर करा. अभ्यासातलं खेळात आलं की मुलं आईबाबांकडे विजयी नजरेनं बघतात.

इथं बालाघाटची एक खास अडचण येते, आणि पुण्याहून आणलेली तयार प्रश्नपत्रिका नेमकी तिथं फसते. घरी मराठी, शाळेत हिंदी. मुलगा ‘यूनान’ म्हणतो, प्रश्नकर्त्याच्या कागदावर ‘ग्रीस’ असतं. ‘रूस’ आणि ‘रशिया’, ‘पुनर्जागरण’ आणि ‘प्रबोधन’, ‘वाटरलू’ आणि ‘वॉटर्लू’. उत्तरपत्रिकेत दोन्ही रूपं लिहून ठेवा आणि गुणलेखकाला आधीच सांगा. प्रश्न मराठीतच विचारा, पण पेच पडेल असा शब्द असेल तर हिंदी रूप लगेच जोडून म्हणा: ‘प्रबोधन, म्हणजे तुमच्या पुस्तकातलं पुनर्जागरण’. यात भाषेचा काही कमीपणा नाही. उलट ज्या घरांत मुलांची मराठी फक्त जेवणाच्या पानावर उरली आहे, तिथं असा एखादा शब्द खेळातून शिरतो.

नावांची दुसरी अडचण दुहेरीपणाची. ‘बालाघाट’ म्हटलं की बीड-धाराशिवकडचा माणूस आपली डोंगररांग समजतो. आपण जिल्हा समजतो. युरोपात असे सापळे पदोपदी आहेत. ‘योहान स्ट्राउसची प्रसिद्ध रचना’ असं विचाराल तर बापाची ‘राडेट्स्की मार्च’ की मुलाची ‘ब्लू डॅन्यूब’? दोघांचंही नाव योहान. फ्रँकफुर्ट दोन, एक माइन नदीवर, एक ओडर नदीवर. अलेक्सांद्र द्युमा बाप-लेक, पीटर ब्रूगेल बाप-लेक. प्रश्न लिहून झाला की घरातल्या सगळ्यात वाद घालणाऱ्या माणसाला द्या, बहुतेक घरांत एक काका असतोच, आणि सांगा, ‘यात चूक काढ.’ त्यानं दुसरं बरोबर उत्तर काढून दाखवलं तर प्रश्न पुन्हा लिहायचा.

चित्रकलेची फेरी म्हटलं की आयोजक घाबरतात. प्रोजेक्टर नाही, रंगीत छपाई महाग, मोबाइलवर मागच्या रांगेला दिसत नाही. मग कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे काळ्या-पांढऱ्या प्रती काढा, आणि चित्रंच अशी निवडा की ज्यांचा रंग हरवायचा प्रश्न नाही. पिकासोचं ‘गेर्निका’ मुळातच काळ्या, पांढऱ्या, करड्या रंगांत आहे. 26 एप्रिल 1937 ला स्पेनमधल्या त्या गावावर बॉम्ब पडले आणि पुढच्या काही आठवड्यांत पिकासोनं साडेसात मीटरांहून रुंद चित्र पुरं केलं. एशरची कधीच न संपणाऱ्या जिन्यांची शिळाछापं आहेत, रेम्ब्रांटची कोरीव छापचित्रं आहेत. याच रेम्ब्रांटनं मुघल लघुचित्रांवरून रेखाटनंही केली, हा आणखी एक धागा.

पण सर्वांत लाडकं चित्र म्हणून मी ड्यूररचा गेंडा निवडीन. गुजरातच्या सुलतानाकडून मिळालेला एक गेंडा पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कनं 1515 च्या जानेवारीत गोव्याहून जहाजावर चढवून पोर्तुगालच्या राजाकडे पाठवला. मे महिन्यात तो लिस्बनला उतरला. जर्मनीत न्युरेंबर्गला बसलेल्या आल्ब्रेख्त ड्यूररनं त्याचं वर्णन आणि एक रेखाटन पाहिलं, गेंडा कधीच पाहिला नाही, आणि लाकडावर कोरून त्याचं चित्र छापलं. कित्येक पिढ्या युरोपला गेंडा असाच दिसत राहिला: अंगावर चिलखताचे पत्रे ठोकल्यासारखा, पायांवर खवले. बिचारा खरा गेंडा पुढे पोपला नजराणा म्हणून निघाला आणि 1516 च्या सुरुवातीला इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाजासह बुडाला. झेरॉक्स वाटा आणि विचारा: ‘चित्रकारानं हा प्राणी पाहिलेला नव्हता. चित्रातली चूक शोधा.’ पाठीवर, मानेच्या मागं, एक जादाचं छोटं शिंग आहे. प्राणिसंग्रहालयात किंवा दूरदर्शनवर गेंडा पाहिलेलं कुठलंही पोर ते शोधतं. ज्याला ड्यूरर हे नाव उच्चारताही येत नाही त्यानं सोळाव्या शतकातल्या थोर चित्रकाराची चूक पकडावी, यासारखी दुसरी कलेची ओळख मला माहीत नाही.

प्रवासाच्या फेरीत स्थळांची नावं कमी, हिशेब जास्त ठेवा. गोंदिया-बालाघाट-नैनपूर-जबलपूरची छोटी गाडी 762 मिलिमीटरच्या रुळांवर धावायची. आता सगळं 1676 चं ब्रॉडगेज झालं. युरोपच्या बहुतेक देशांत 1435, रशियात 1520. मग विचारा, आपल्या बालाघाटच्या रुळांच्या सगळ्यात जवळचं अंतर युरोपात कुठं? स्पेन आणि पोर्तुगाल, 1668. फक्त 8 मिलिमीटरचा फरक. पुरवणी: मग फ्रान्सच्या सीमेवर गाडीचं काय करतात? मुलं सुचवतात ती उत्तरं ऐका: प्रवासी उतरवतात, चाकं बदलतात. दोन्ही खरी. तिसरं उत्तर, चालता चालता चाकांमधलं अंतर बदलणारी गाडी, स्पेनच्या टॅल्गो कंपनीनं करून दाखवलं. वैनगंगेचं नाव ‘जंगल बुक’मध्ये आहे, ते पुस्तक किपलिंगनं कुठं बसून लिहिलं, असंही विचारता येईल; उत्तर अमेरिकेतलं व्हरमाँट असल्यानं युरोपच्या फेरीत बसत नाही, पण मोह होतो.

दंतकथांपासून जपा. ‘भाकरी नसेल तर केक खा’ असं मारी आंत्वानेत म्हणाली, हे उत्तर म्हणून कधी ठेवू नका. रूसोनं ती गोष्ट कुणा एका राजकन्येच्या नावे लिहिली तेव्हा मारी ऑस्ट्रियात लहान मुलगी होती. व्हायकिंग शिंगांची शिरस्त्राणं घालत नव्हते. ती शिंगं लोकांच्या मनात पक्की बसली 1876 च्या बायरॉइटमधल्या वाग्नरच्या संगीतनाटकातल्या वेशभूषेनं. दंतकथा टाकून द्यायच्या नाहीत, उलटा प्रश्न करायचा: ‘ही चुकीची समजूत कुठून आली?’

ज्यांची उत्तरं बदलतात अशा प्रश्नांवर वर्ष लिहा. युरोपीय संघात 28 देश हे जुन्या पुस्तकातलं उत्तर. 31 जानेवारी 2020 ला ब्रिटन बाहेर पडलं आणि 27 उरले. क्रोएशियात 2023 पासून युरो चालतो. फिनलंड 2023 मध्ये आणि स्वीडन 2024 मध्ये नाटोत गेलं. ‘ब्रिटनची राणी कोण’ असं विचारणारी प्रश्नपत्रिका मी अजून फिरताना बघतो. दहा वर्षांपूर्वीचा कागद पुन्हा वापरायचा तर निदान या फेरीवर लाल पेन फिरवा.

संख्येनं सांगायचं तर तासाभराच्या कार्यक्रमात युरोपचे पंधरा प्रश्न पुरेत. दोन अगदी सोपे, तीन कुणालाच न येणारे चालतात, बाकीचे विचार करून सुटणारे. प्रत्येक उत्तरानंतर अर्धं मिनिट गोष्ट सांगायला राखा. गेंडा बुडाला हे सांगितलंच नाही तर प्रश्न विचारला कशाला? गटात एक शाळकरी, एक आई किंवा वडील आणि एक साठीच्या पुढचा माणूस असेल असं बघा, म्हणजे 1956 आणि नववीचं पुस्तक एकाच बाकावर बसतात. मोबाइल टोपलीत जमा करायला सांगा, आणि टोपली यजमानीणबाईंच्या ताब्यात द्या. पाहुणे त्यांना नाही म्हणू शकत नाहीत.

शेवटी दोन गट समान गुणांवर आले की आणखी अवघड प्रश्न काढू नका, आकडा विचारा. आयफेल टॉवर आज किती मीटर उंच आहे, प्रत्येक गटानं चिठ्ठीवर लिहावं, जवळचा जिंकला. उत्तर 330. दोन्ही चिठ्ठ्या एकाच वेळी उघडा, आणि कुणी फुटांत लिहिलं असेल तर 3.28 नं भागून मगच निकाल द्या.